विजेची गिटार: कोणी कोणती घ्यावी?



या व्याख्यानमालेत आजवर आपण वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ विषय ऐकले असतील. त्या पंक्तीत विजेची गिटार हा विषय आणून बसवणे काहींना खटकेल, हे आम्ही जाणून आहोत. चिटणीसांना आम्ही विषय कळवला तेव्हा क्षणभर तेही घुटमळले. मग म्हणाले, "अहो, हाच वाद परवा आमच्या घरी झाला. धाकटा गिटार पाहिजे म्हणून अडून बसला आहे, आणि कोणती घ्यावी हे घरात कोणालाच कळत नाही." तेव्हा आमची खात्री पटली की हा विषय या मांडवात चालेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना चार उपयोगी गोष्टी कळाव्यात म्हणूनच. ज्या गोष्टीवर घरोघर पैसे खर्च होतात आणि घरोघर वाद होतात, ती उपयोगी नाही असे कोण म्हणेल?

प्रारंभीच एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही वादक नव्हे. गिटारीवर आम्हांला तीन-चार सुरावटींच्या पलीकडे काही येत नाही. मग आम्ही येथे उभे कशाच्या बळावर? तर एका चुकीच्या बळावर. ती चूक आमची स्वतःची आहे आणि तिची किंमत आमच्या मुलाने मोजली. ती हकिगत आधी सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे असताना त्यांनी विजेच्या गिटारीचा हट्ट धरला. आम्ही त्यांना घेऊन एका दुकानात गेलो. भिंतीवर वाद्ये टांगलेली होती. त्यांतले तांबडे, चकचकीत, सर्वांत स्वस्त असे एक वाद्य आम्ही निवडले. सोबत छोटा ॲम्प्लिफायर, पिशवी, पट्टा, सारे एकाच खोक्यात मिळत होते. सौदा चांगला झाला म्हणून आम्ही खूश होतो. मुलगा दोन महिने रोज बसला. बोटांच्या टोकांना फोड आले, पण सुरावट काही स्वच्छ वाजेना. पहिल्या पडद्यावर सगळ्या तारा एका बोटाने दाबायच्या, अशी एक सुरावट असते. ती त्याला काही केल्या साधेना. वाद्य सुरात लावावे तर दहा मिनिटांत उतरलेले. तिसऱ्या महिन्यात त्याने ते खाली ठेवले. आम्ही त्याला काय म्हणालो, ते सांगायला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "तुझी ही धरसोडच तुला नडणार आहे." वाद्य माळ्यावर गेले.

पुढे नऊ वर्षांनी आमच्या भाच्याचा एक मित्र मुक्कामाला आला. तो गिटार वाजवणारा. माळा आवरताना वाद्य निघाले, म्हणून त्याने ते हातात घेतले. पहिल्या पडद्यावर बोट दाबून पाहिले आणि विचारले, "काका, हे कोण वाजवत होतं?" आम्ही सांगितले. तो म्हणाले, असे म्हणण्यापेक्षा तो पुटपुटलाच, "बिचारा." मग त्याने समजावून दिले. खुंट्यांजवळ तारांच्या खाचांची जी पट्टी असते, तिला गिटारवाले नट म्हणतात. त्या पट्टीच्या खाचा कारखान्यात पुरेशा खोल कापल्याच नव्हत्या. त्यामुळे पहिल्या पडद्यावर तार दाबायला दुप्पट जोर लागत होता. दांडी पुढे वाकली होती. घोडीवरच्या तारा उंच होत्या. त्याने बारीक कानस मागवली, एक स्क्रू पिळण्याची चावी घेतली, आणि तासाभरात तेच वाद्य वाजते केले.

त्या रात्री आम्ही मुलाला फोन केला. तो तेव्हा परगावी नोकरीला होता. सारे ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बाबा, माझी बोटं वाईट नव्हती तर."

श्रोतेहो, नऊ वर्षे तो मुलगा आपली बोटे वाईट आहेत असे समजून चालला होता, आणि तो समज आम्हीच पक्का केला होता. तेव्हापासून आमच्या ओळखीचे कोणी मुलासाठी गिटार घ्यायला निघाले की आम्ही सोबत जातो. अशा फेऱ्या पुष्कळ झाल्या, पुष्कळ वादकांना आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना प्रश्न विचारून झाले. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आता प्रथम हे वाद्य म्हणजे काय ते पाहू. आपल्या सतारीला भोपळा असतो. तार हलते, घोडी हलते, भोपळ्यातली हवा घुमते. साध्या गिटारीचे पोकळ पोटही तेच काम करते. विजेच्या गिटारीला बहुधा असे पोटच नसते. ती भरीव लाकडाची फळी असते. तिच्या तारांखाली लोहचुंबक बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. वरची तार पोलादाची असते. ती थरथरली की चुंबकाचे क्षेत्र थरथरते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. हा नियम मायकेल फॅरेडे याने १८३१ साली शोधला. आपल्या धरणांवरची जनित्रे ज्या नियमाने चालतात त्याच नियमाने ही गिटार बोलते. ती क्षीण वीज ॲम्प्लिफायरमध्ये जाते, तेथे तिचे बळ वाढते, आणि ध्वनिक्षेपकातून आवाज निघतो. म्हणूनच या वाद्याला पितळी किंवा नायलॉनच्या तारा लावून भागत नाही. चुंबकाला लोखंडच लागते.

हे वाद्य जन्माला आले ते गरजेपोटी. अमेरिकेत वाद्यवृंद मोठे झाले, तुताऱ्या आणि ढोल यांच्यापुढे गिटार ऐकूच येईना. जॉर्ज बोशॅम्प या वादकाने १९३१ साली पिकअप बसवलेली एक गिटार तयार केली आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्याने ती पुढल्या वर्षी बाजारात आली. गोल चपटे अंग आणि लांब दांडी यांमुळे लोक तिला तळण्याचा तवाच म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवायची हवाई पद्धतीची गिटार होती. हीच हवाई गिटार आपल्याकडे आली आणि आपल्या मातीत रुजली. मींड हा आपल्या संगीताचा प्राण, आणि कांडी पडद्यांना न जुमानता सुरावरून सुरावर घसरत जाते. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमारांचे संतूर आणि हरिप्रसादांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी याच वाद्याला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले. तेव्हा गिटार परकी, तिचे आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे एवढेच सांगू की व्हायोलिनही परकेच होते. हार्मोनियमही परकीच होती. आकाशवाणीने १९४० सालापासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले, आणि आज तिच्यावाचून आपल्या गावातले एक भजनही उभे राहत नाही.

भरीव अंगाची गिटार मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती लिओ फेंडर याने. हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करीत असे, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! हे वाचले तेव्हा आम्हांला फार धीर आला. त्याची टेलिकास्टर १९५१ च्या सुमारास त्या नावाने प्रसिद्ध झाली आणि स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली निघाली. वाद्य मोडले तर दुरुस्त करता आले पाहिजे, ही त्याची कारागिराची बुद्धी. म्हणून त्याने दांडी सरसाने न चिकटवता स्क्रूंनी जोडली. तिकडे गिब्सन या जुन्या कंपनीने १९५२ साली लेस पॉल हे नामवंत वादकाचे नाव देऊन आपली भरीव गिटार काढली. तिची दांडी अंगात चिकटवलेली असते. आज दुकानात जी शेकडो वाद्ये टांगलेली दिसतात, त्यांतली बहुतेक या दोन-तीन घराण्यांचीच लेकरे आहेत. ही घराणी ओळखता आली की निम्मा गोंधळ ओसरतो.

त्यांच्यातला फरक दोन गोष्टींत आहे. पहिली तारेची लांबी. फेंडरच्या घराण्यात नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या घराण्यात सुमारे पावणेपंचवीस. पाऊण इंचाने काय होते, असे आपण म्हणाल. तार आखूड असली की त्याच सुराला तिच्यावर ताण कमी लागतो आणि पडदेही किंचित जवळ येतात. लहान हाताला हा फरक लगेच जाणवतो. दुसरी गोष्ट पिकअपची. फेंडरच्या पिकअपमध्ये बहुधा एकच वेटोळे असते. त्याचा आवाज स्वच्छ, धारदार. परंतु हे वेटोळे विजेच्या तारांची घरघरही पकडते. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने गिब्सनसाठी १९५५ साली उलट दिशेची दोन वेटोळी शेजारीशेजारी बसवली. दोघांत घरघर उलटसुलट उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. याला हंबकर म्हणतात. त्याचा आवाज भरदार आणि थोडा गोड.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी कोणती घ्यावी? आमच्या मते शिकणाऱ्याच्या चार अवस्था आहेत, आणि प्रत्येक अवस्थेची गरज निराळी आहे.

पहिली अवस्था नवशिक्याची. त्याच्या बाबतीत एक समज फार पसरला आहे, तो आधी काढून टाकू. आधी साधी लाकडी गिटार शिकावी, मग विजेची, असे पुष्कळ लोक सांगतात. वस्तुतः साध्या गिटारीच्या तारा जाड असतात आणि दाबायला कठीण. विजेच्या गिटारीच्या तारा बारीक असतात. नवशिक्याला लावतात त्या जुडग्यातली सर्वांत बारीक तार एका इंचाच्या हजाराव्या भागाने मोजली तर अवघी नऊ भरते. कोवळ्या बोटांना ती सोसते. शिवाय कानाला हेडफोन लावला की शेजाऱ्यांची झोपमोड नाही. ज्या मुलाला विजेच्या गिटारीचे संगीत वाजवायचे आहे, त्याला सरळ तीच द्यावी.

नवशिक्याला काय पाहिजे? हलके वाद्य, सुरात टिकणारे वाद्य आणि दाबायला सोपे वाद्य. रंग, लाकूड, कोणत्या देशात केले, हे सारे पुढचे. घोडी पक्की बसवलेली असावी. काही वाद्यांना दांडा दाबून सूर हलवता येईल अशी तरंगती घोडी असते आणि तारांना दोन्ही टोकांना कुलपे असतात. मुलांना तिचे फार आकर्षण. परंतु तिच्यात एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. नवशिक्या अर्धा तास सूर लावण्यातच थकून जातो. दहा वर्षांच्या आतले मूल असेल तर पाऊण मापाची गिटार घ्यावी. डावखुरे मूल असेल तर त्याच्या हातात दोन्ही बाजूंनी वाद्य देऊन पाहावे आणि त्याला जे सहज वाटेल ते मान्य करावे. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवत असे, हे खरे, पण प्रत्येकाकडून ती अपेक्षा करू नये.

स्वस्त वाद्य म्हणजे वाईट वाद्य, असेही नाही. आज लाकूड संगणकाच्या यंत्रावर कापले जाते, त्यामुळे कमी किमतीच्या वाद्याचीही मापे बरोबर येतात. फेंडरने १९८२ साली स्क्वायर या नावाने आपली स्वस्त वाद्ये काढली. गिब्सनच्या मालकांनी एपिफोन ही कंपनी १९५७ साली विकत घेतली, ती त्याच कामी आली. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून नवशिक्यांच्या हाती आहे. स्वस्त वाद्यात बहुधा राहून जाते ते शेवटचे हाताचे काम: नटच्या खाचा, पडद्यांची टोके, तारांची उंची. आपल्याकडे मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो. जवारी काढल्यावाचून तंबोरा कोणी घरी नेत नाही. मग गिटार मात्र आपण खोक्यातून काढून थेट मुलाच्या हातात का देतो? तिचीही जवारी काढावी लागते. इंग्रजीत तिला सेटअप म्हणतात, आणि तिचा खर्च वाद्याच्या मानाने थोडा असतो.

दुसरी अवस्था वर्ष-दोन वर्षे टिकलेल्याची. त्याला गाणी वाजवता येतात, आणि आता आपले वाद्य बरे नाही असे वाटू लागते. आई-वडिलांना हा नवा हट्ट वाटतो. तो नेहमी हट्टच नसतो. कान तयार झाला की दोष ऐकू येतात. तरीही लगेच नवे वाद्य घेऊ नये. आधी नव्या तारा घालाव्यात. आपल्या कोकणात पावसाळ्यात तारा महिन्या-दोन महिन्यांत गंजतात, आणि गंजलेली तार सुरात बोलत नाही. मग कारागिराकडून वाद्य नीट करून घ्यावे. मग ॲम्प्लिफायर बदलावा. विजेच्या गिटारीचे पोट म्हणजे ॲम्प्लिफायर, हे आपण मघाशी पाहिले. चांगल्या ॲम्प्लिफायरवर सामान्य गिटार शोभते, पण भिकार ॲम्प्लिफायरवर उत्तम गिटारही रडते. एवढे करूनही समाधान झाले नाही, तर त्याला विचारावे, तुला काय वाजवायचे आहे? स्वच्छ धारदार आवाज पाहिजे असेल तर एका वेटोळ्याचे घराणे, भरदार पाहिजे असेल तर हंबकरचे. एका टोकाला हंबकर आणि बाकी साधे पिकअप अशी मिश्र वाद्येही मिळतात. ज्याचे मन अजून ठरलेले नाही त्याला ती बरी. या अवस्थेत दुसऱ्याने वापरलेले चांगले वाद्य घेणेही शहाणपणाचे ठरते, मात्र पारखणारा सोबत पाहिजे.

तिसरी अवस्था कार्यक्रम करणाऱ्याची. गणेशोत्सवात, लग्नकार्यात, वाद्यवृंदात जो वाजवतो त्याला विश्वासाचे वाद्य पाहिजे. खुंट्या घट्ट पाहिजेत, बटणे फिरवताना खरखर नको. मंगल कार्यालयातल्या दिव्यांची आणि पंख्यांची पन्नास आवर्तनांची घरघर एका वेटोळ्यात हटकून शिरते, म्हणून तेथे हंबकर सोयीचा. वजनही पाहावे. लेस पॉल घराण्याचे वाद्य चार-साडेचार किलोपर्यंत भरू शकते. तीन तास खांद्यावर वागवताना त्याचा अर्थ कळतो.

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. विजेच्या गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी आणि तेथून जमिनीच्या तारेशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नीट असेल तर ही व्यवस्था सुरक्षित आहे. ते नसेल तर तीच घातक. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू पावला. एका हाती गिटार आणि दुसरा हात ध्वनिवर्धकाच्या मायक्रोफोनला, एवढेच निमित्त. आपल्याकडे मांडवात वीज कशी ओढतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा मुलगा कार्यक्रमाला निघाला तर नव्या गिटारीआधी त्याच्याजवळ अर्थिंग तपासण्याचे छोटे साधन द्या, आणि तीन पिनांची खुंटी मोडून दोन पिनांची कधीही करू देऊ नका. घरच्या खोलीलाही हाच नियम आहे.

चौथी अवस्था सिद्ध वादकाची. त्याला आम्ही काय सांगणार? त्याचा हातच त्याला सांगतो. फक्त त्याच्या घरच्यांना एक विनंती. त्याच्या चार गिटारी पाहून उधळेपणाचा शिक्का मारू नका. तबलजीकडे वेगवेगळ्या पट्ट्यांचे तबले असतात, तसेच हे.

आता दुकानात पारख कशी करावी, ते थोडक्यात सांगतो. याला वादक असावे लागत नाही. आमच्यासारख्यालाही जमते.

पहिली पारख सुराची. मोबाईलवर सूर दाखवणारे साधन असते. मोकळी तार सुरात लावा, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. नेमका वरच्या सप्तकातला तोच सूर आला पाहिजे. थोडा चढा-उतरा असेल तर घोडीवरचा स्क्रू फिरवून दुरुस्त होतो. फिरवूनही होत नसेल तर ते वाद्य सोडा. दुसरी पारख नटची. तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्यावर पाहा. तेथे कागद सरकेल इतपतच फट असावी. ही पारख आम्हांला त्या दिवशी ठाऊक असती तर! तिसरी पारख दांडीची. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरा. ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच. मधोमध दांडीत आणि तारेत भेटकार्डाच्या जाडीएवढी फट असावी. जास्त असेल तर दांडीच्या आत लोखंडी सळई असते ती पिळून सरळ करता येते. ही सळई पिळण्याचे काम मात्र जाणत्यानेच करावे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून वर्षातून एकदा तरी हे पाहावे लागते. चौथी पारख पडद्यांची. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवा. कोठे घणघणते, कोठे मुकी होते, ते कळेल. मग दांडीच्या कडेवरून तळहात फिरवा. पडद्यांची टोके करवतीसारखी लागता कामा नयेत. पाचवी पारख ताणाची. तार बोटाने बाजूला ओढून सोडा, आणि सूर जागेवर परत येतो का पाहा. अशी तार ओढूनच या वाद्यावर मींड घेतात. तिचे पडदे समान अंतराच्या बारा सुरांवर पक्के बसवलेले, सतारीसारखे सरकत नाहीत. तरी तार ओढून दरबारीचा आंदोलित गंधार तिच्यावर काढता येतो. शेवटची पारख सर्वांत सोपी. मुलाला वाद्य घेऊन बसू द्या, उभे राहू द्या, दहा मिनिटे एकटे सोडा. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

या पारखा करताना पडद्यांखालच्या काळसर पट्टीवरही एक नजर टाका. जगातल्या पुष्कळ गिटारींवर ती पट्टी हिंदुस्थानी शिसवीची असते. आजोबांच्या देव्हाऱ्याचे आणि नातवाच्या गिटारीचे लाकूड एकच!

पैशाचा हिशेब विचाराल तर आमचा ठोकताळा असा. नवशिक्यासाठी शंभर रुपये काढले असतील तर पंचावन्न-साठ वाद्याला, पंचवीस ॲम्प्लिफायरला, आणि उरलेले कारागिराला, तारांना व किरकोळ साहित्याला. सारे शंभर वाद्यावर घालवू नयेत. गुरूची फी याच्या बाहेरची, आणि तिच्यात काटकसर करू नये.

शेवटी एका माणसाची गोष्ट सांगतो. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा मुलगा. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा होता, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. आता गिटार विसर, असे त्याला सांगण्यात आले. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत हात भाजून दोन बोटे निकामी झालेला तो थोर गिटारवादक. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली. गिटारीच्या बारीक तारा मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या बारीक तारा आणून लावल्या. पुढे तारा उतरवून, सैल करून वाजवू लागला. त्यातून जो जड, गंभीर नाद निघाला त्याने पाश्चात्त्य संगीतात एक नवे दालन उघडले. तो नाद आपल्याला आवडेल वा न आवडेल. परंतु त्याने वाद्याला आपल्या हाताजोगते केले, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आपण मात्र मुलाच्या हाती न जुळणारे वाद्य देतो, आणि जमले नाही की दोष हाताला देतो. हे गिटारीपुरतेच आहे असे नाही, पण आज गिटारीपुरतेच बोलायचे आम्ही ठरवले आहे.

आमचे चिरंजीव त्या दिवाळीला घरी आले आणि जाताना ते तांबडे वाद्य सोबत घेऊन गेले. ते आता तिशी ओलांडलेले आहेत. रविवारी सकाळी तासभर वाजवतात. कलावंत वगैरे झाले नाहीत, होणारही नाहीत. मधली नऊ वर्षे काही आम्हांला त्यांना परत देता येत नाहीत. परंतु आज येथे बसलेल्यांपैकी एखाद्याने दुकानात पहिल्या पडद्यावर वाकून कागदाएवढी फट पाहिली, तर एका मुलाची दोन वर्षे तरी वाचतील. एवढ्यासाठीच आम्ही आपला हा तासभर घेतला.